बाबांचा विदर्भ आणि माझा नवरा

नागपूर स्टेशनावर गाडी सुटायला थोडा वेळ होता. डब्यात काय काय भरलंय ते आई पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि बाबा प्लॅटफॉर्मवर उभे राहून खिडकीच्या गजांतून मला वेगळ्या विदर्भाबद्दल सांगत होते. इतरांचे वडील अशा वेळी पोचल्यावर फोन कर म्हणतात. माझे म्हणाले, "आपलं राज्य असतं तं तुले कायले जावं लागलं असतं? इथंच आल्या असत्या कंपन्या." गाडी हलली तरी ते सोबत चालत राहिले. कोळसा आपला, वीज आपली, अन् पोट्टे चालले बाहेर, असं काहीतरी चाललं होतं. समोरच्या बाकावरच्या बाईंना वाटलं, हे माझ्यावर ओरडतायत. मला मात्र रडू फुटलं. बाबांना ते राज्य माझ्यासाठी हवं आहे, अशी माझी त्या क्षणी खात्री झाली.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, त्यांना हे वाचून हसू येईल. जे माझ्यासारखे इकडे आलात, त्यांना कदाचित येणार नाही. बंगळुरूत कोरमंगलाच्या पीजीत माझ्या खोलीतल्या मुलींना घरून फोन यायचे, 'कधी येतेस' म्हणून. बाबांनी मला असं कधीच विचारलं नाही. ते म्हणायचे, "राज्य झालं की ये." सांबारात बुडवलेली इडली खाताना, ट्रॅफिकमध्ये अडकून ऑटोवाल्याला कन्नडमध्ये 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणताना, मला आतून एक ऊब असायची. त्या मुलींना नुसते आईवडील बोलावतायत, माझ्यासाठी तर राज्य तयार होतंय.

बाबांची सारी नोकरी औष्णिक वीज केंद्रात गेली. राख आमच्या वाट्याला आणि पंखे मुंबईच्या, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नागपूर एकेकाळी राजधानी होतं, हे ते इतक्या दुःखानं सांगत, जणू काल संध्याकाळीच कुणी उचलून नेली. हिवाळी अधिवेशनाला मंत्री आले की म्हणत, "आले पाव्हणे संत्री खाले." पण खरी आग होती रायपूरची. छत्तीसगड झालं तेव्हा ते चक्क जेवले नाहीत. काल आपल्या मागून चालणारं पोर आज घोड्यावर, हे त्यांना सोसवलं नाही. मी जळकुकडी आहे असं माझा नवरा म्हणतो, ते खोटं नाही. पण हा गुण वारशानं आला आहे.

नवरा पुण्याचा, मंदार. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एकाच ऑफिसात आमची ओळख झाली. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पुण्याचा? ठीक आहे. पोरगा चांगला आहे, त्यात त्याचा काय दोष." मला मात्र मंदारचा पहिल्यापासून हेवा वाटायचा. तो शुक्रवारी संध्याकाळी बसमध्ये बसतो आणि शनिवारी सकाळी आईच्या हातचे पोहे खातो. त्याच्या गावात त्याच्यासाठी नोकऱ्याच नोकऱ्या होत्या; तो बंगळुरूत आला तो हवा छान आहे म्हणून. मी आले नाइलाजानं, आणि वर्षातून एकदा जाते. बंगळुरूत रुळायला मात्र मीच जास्त धडपडले. स्वल्प कन्नड शिकले, शहाण्या मुलीसारखं मतदार यादीत नावही इकडे करून घेतलं. मंदारनं आळसानं काहीच केलं नाही. त्याचं नाव अजून कोथरूडच्या यादीत आहे.

आई गेली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे राहायला आले. एकटे बसून राहतील, या विचारानं मी आधीच कासावीस झाले होते. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी बाल्कनीतून आवाज आले. मंदार म्हणत होता, "बाबा, आज राज्यं तोडाल, उद्या देश तुटेल. आमच्या ऑफिसात जेवताना साउथवाले तेच बोलतात, आमचा टॅक्स नॉर्थला का, आम्ही वेगळे होणार." बाबा म्हणाले, "जावईबापू, घरात एक खोली वाढवली तं घर मोडते का? देश मोडाचं कोण म्हणते? आम्हाले आमची खोली पाह्यजे." आणि दोघं खदाखदा हसले. आई गेल्यापासून बाबा असे हसले नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

मग ते रोजचंच झालं. मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये अडकलेली, आणि बाहेर यांचा आखाडा. मंदार आदल्या दिवशी मुद्दे वाचून ठेवायचा. बाबा चहा गार होऊ द्यायचे. मंदारला यायला उशीर झाला तर ते बाल्कनीतून रस्त्याकडे बघत बसायचे. मी जाऊन शेजारी बसले की "झालं का तुयं काम?" एवढंच. माझ्याशी बाबांनी कधी वाद घातलाच नव्हता. मी पहिल्यापासून त्यांच्या बाजूची. जिचं मत ठाऊकच आहे तिला कोण विचारतं? आयुष्यभर ज्या पुण्यावर जळले, त्याच पुण्याचा माणूस त्यांना माझ्यापेक्षा लाडका झाला होता.

खालच्या मजल्यावर एक अण्णा राहतात, इथले जुने मराठी. त्यांचे पूर्वज शिवकाळाच्याही आधी या मुलखात आले. बाबांनी त्यांनाही सोडलं नाही. तुमचं राज्य कोणतं समजता, असं विचारलं. अण्णा म्हणाले, "आमचं आणि कुठलं? हेच की! तुमी स्वल्प जास्तच विचार करता. बसा, कापी घ्या." बाबांना ते उत्तर फार आवडलं. मला अण्णांचाही हेवा वाटला. त्यांना 'तू गेलास' म्हणायला मागे कुणी उरलंच नाही.

तो शब्द मला पुढच्याच रविवारी ऐकावा लागला. वाद मतदानावर आला होता. मंदारचं म्हणणं, "वाटणी करायची तर सगळ्या महाराष्ट्राला विचारा. मलाही विचारा, माझं मत आहे तिथं." बाबांचं म्हणणं, "वाटणी मागणारा इचारत नसते, सांगत असते. अकरा जिल्ह्यांनी ठरवावं, बस." मी भाजी चिरता चिरता हसत म्हटलं, "माझं एक मत धरा, बाबा."

बाबा सहज म्हणाले, "तू कशी देशीन? तू तं गेली न. ज्याले तिथं राहाचं आहे, त्यानं ठरवावं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना जे बरोबर वाटलं ते त्यांनी सांगितलं, आणि ते पुन्हा मंदारकडे वळले. मंदारच्या हिशेबानं त्याला मत होतं. बाबांच्या हिशेबानं नागपूरच्या घराशेजारच्या देशपांडेकाकूंपासून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना होतं. दोघांच्याही हिशेबात मी कुठे नव्हते. ज्या राज्यात मी परत जाणार म्हणून इतकी वर्षं मनात घर मांडून बसले, तिथं मला साधं बोट उचलायची सोय नव्हती.

मी विळी बाजूला सरकवली आणि म्हटलं, "होऊच नये विदर्भ वेगळा."

बाल्कनीतलं बोलणं थांबलं. मला स्वतःलाही कळेना, हे कुठून आलं. पण सुरुवात केली तर थांबवेना. म्हटलं, "नवं राज्य म्हणजे नवे मंत्री आणि नवे बंगले. गडचिरोलीच्या माणसाला मुंबई दूर, तसं नागपूरही दूरच. तुम्ही आज पुण्यावर जळता, उद्या अकोला-अमरावती तुमच्यावर जळेल, तेही म्हणतील आमचं वऱ्हाड वेगळं. मग कुठवर कापत जाणार?" यातला एकही शब्द मला पटत नव्हता. मला फक्त भांडायचं होतं.

बाबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्यांचे डोळे चमकत होते. "थांब थांब. काय म्हटलं वऱ्हाडाचं? बस इथं. जावईबापू, चहा टाका बरं."

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही भांडलो. बाबा नागपूरला परतले तेव्हा भांडण फोनवर गेलं. दर रविवारी फोन येतो, मंदारच्या फोनवर नाही, माझ्या. "काय म्हणते तुमचा अखंड महाराष्ट्र?" मी मंदारकडून मुद्दे उसने घेते, आणि फोनवर असताना त्याला जवळ फिरकू देत नाही. खोटं बोलून का होईना, वडील माझ्या वाट्याला आले होते. मी अगदी सुखात होते.

गेल्या रविवारी मात्र बाबांचा आवाज थकलेला होता. मी माझं नेहमीचं सुरू केलं. ते मधे बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, "तुया म्हणण्यात दम आहे, बाई. अन् आता कोणासाठी वेगळं कराचं? गल्लीत पाहिलं तं सारे म्हातारेच. पोट्ट्यांचे फ्लॅट झाले तिकडं. राहू दे जसं आहे तसं."

मी जिंकले होते. घाईघाईनं म्हटलं, "असं कसं, बाबा? रायपूर बघा कुठं पोचलं! आपली राजधानी गेली त्याचं काय? सिंचनाचे पैसे कुठं मुरले? वीज आपण करायची आणि..." लहानपणापासून पाठ झालेलं सगळं मी धडाधड म्हणत गेले. स्वयंपाकघरातून मंदार डोकावून बघायला लागला.

बाबा म्हणाले, "हे तं माये मुद्दे आहे."

"तुमचेच आहेत. मंग सोडता कायले?"

मग त्यांनी घसा खाकरला. "जंगलाचं राह्यलं तुयं," म्हणाले, आणि स्वतःच सांगायला लागले. मेळघाटापासून सुरू केलं. आवाज हळूहळू चढत गेला, पूर्वीसारखा.

फोन ठेवल्यावर मंदारनं विचारलं, "म्हणजे आता मी एकटाच?" हो, म्हटलं, तू एकटाच, आणि मला फार बरं वाटलं.

उद्या राज्य झालंच तर मी खरंच परत जाईन का, मला माहीत नाही. बहुतेक नाही जाणार. घर कुठं आहे, असं कुणी विचारलं तर आता मला गावाचं नाव घेता येत नाही, तिकडचंही नाही आणि इकडचंही नाही. पण मी परत यावं म्हणून एक म्हातारा माणूस तिकडे बसून अख्खं राज्य मागतोय, आणि त्यानं ते मागत राहावं, एवढं मात्र मला हवं आहे.