डावी गादी

आमच्या भाऊजींचं ठरत आलेलं लग्न एका पंख्याने मोडलं, हे मी अजूनही येईल त्याला सांगते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मुलीच्या घरी बोलणी चालली होती, सगळं जुळत आलं होतं, आणि भाऊजींचं लक्ष छताकडे. पंखा दर फेरीला बारीकसा कुरकुरत होता. आमच्यापैकी कुणाच्या कानातही ते शिरलं नव्हतं. मुलीचे वडील काहीतरी महत्त्वाचं सांगत असताना भाऊजी उठले, स्टूल ओढलं आणि थोडं तेल मिळेल का म्हणून विचारलं. मुलगी हसली. वडील हसले नाहीत. घरी येताना रस्ताभर मी बडबडले, तर म्हणतात, "वहिनी, जन्मभर त्या पंख्याखाली जेवायला मलाच जावं लागलं असतं ना."

तेव्हापासून घरात त्यांचं नाव कानसेन पडलं. नाव पडलं ते काही खोटं नव्हतं. टेलिफोनच्या कचेरीत ते तक्रारींच्या टेबलावर बसायचे आणि नुसती खरखर ऐकून सांगायचे की तार तुटलेली नाही, कुठेतरी भिजली आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की कोण आलं ते दार उघडायच्या आधी सांगायचे. आमचे हे कधी गुपचूप उशिरा आले, तर बूट हातात घेऊन येत. बायकोच्या भीतीने नव्हे, धाकट्या भावाच्या कानाच्या भीतीने!

गाणं ऐकणं हा त्यांचा एकच शौक. चांगला, भारी हेडफोन त्यांनी हौसेनं घेतला होता. त्याच्या कानावरच्या गाद्या काही वर्षांनी सोलायला लागल्या. काळे पापुद्रे गालाला, कॉलरला, उशीला, कुठेही चिकटलेले. मी तेव्हा पर्स शिवायची. मी म्हटलं, द्या इकडे, त्यात काय एवढं, गोल उशीच तर आहे. उरलेल्या अस्तरातून मऊ गादी शिवून दिली. त्यांनी डोक्यावर चढवली, डोळे मिटले आणि म्हणाले, मऊ आहे, पण गाणारी बाई शेजारच्या खोलीत गेली. मला असा राग आला म्हणता! पण मग उसवलं, पुन्हा शिवलं, पुन्हा उसवलं, आणि त्यात कधी धंदा सुरू झाला ते कळलंही नाही.

मला तेव्हा कळलं की कानाचं सुख आणि आवाजाचं सुख यांचं सवतीसवतीचं नातं आहे. रेक्झिनची गादी आवाज घट्ट धरून ठेवते, पण कान घामाने चिंब. मखमलीची थंड राहते, पण ढोलाचा घुमारा गळून जातो. चष्मेवाल्यांना काडीच्या जागी फोम नरम लागतो, नाहीतर कपाळ ठणकतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जाडी. गादी पातळ केली की आतला स्पीकर कानाजवळ येतो आणि त्या बाजूचा आवाज मोठा, स्पष्ट होतो. जाड केली की लांब जातो. बास, एवढं कळलं की आमचा सगळा धंदा कळला.

पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन आणि भिंतीशी भाऊजींचं टेबल. शिवलेली प्रत्येक जोडी ते स्वतः ऐकायचे. त्यासाठी एकाच बाईचं गाणं ठेवलेलं होतं, मागे वाद्य नाही, काही नाही. भाऊजी म्हणायचे, हेडफोन नीट असला तर ती बाई बरोबर दोन भुवयांच्या मध्ये उभी राहून गाते. कुणी तक्रार घेऊन आला की आवाज एका बाजूला जातोय, तर त्याला ते एकच सांगायचे. उलटा घाला. डावी बाजू उजव्या कानावर. बाई जागा बदलून पलीकडे गेली तर खोट हेडफोनमध्ये, ती आम्ही काढू. बाई जागची हलली नाही तर खोट कानात, आणि कानाची गादी आमच्याकडे शिवून मिळत नाही. हे सांगताना ते अगदी खुलायचे. लोक हसत हसत उलटा घालायचे.

मग कधीतरी, नक्की कधी ते मला सांगता येणार नाही, भाऊजी म्हणायला लागले की डावी गादी थोडी पातळ कर. मी केली. पुढे म्हणाले, अजून थोडी. पुढेपुढे मी डाव्या बाजूचा फोम वेगळाच कापून ठेवायला लागले. विचारलं एकदा, की हे काय नवीन? तर म्हणाले, हल्ली हेडफोनच तसे येतात. कानसेन म्हणतात म्हणजे असेल, मी कोण बोलणार? मला फोम कळतो, कापड कळतं. गाण्यातलं मला मशीनच्या खडखडाटापलीकडे काही ऐकू येत नाही.

लोक परत यायला लागले. आवाज डावीकडे झुकतोय म्हणायचे. भाऊजी त्यांच्या केसांना नावं ठेवायचे, चष्म्याला ठेवायचे, डोक्याच्या आकारालासुद्धा ठेवायचे. नाचता येईना अंगण वाकडं! एका बिचाऱ्या भल्या माणसाला तर म्हणाले की तुम्हाला ऐकायची सवयच नाही. तो माणूस तोंड पाडून गेला. पण उलटा घाला, असं ते आता कुणालाच सांगत नव्हते. हे माझ्या लक्षात आलं होतं. जेवायच्या टेबलावर त्यांनी आपली खुर्ची बदलून डाव्या टोकाला नेली होती, म्हणजे आम्ही सगळे त्यांच्या उजव्या हाताला यायचो. तेही दिसलं होतं. दिसणं वेगळं आणि उमजणं वेगळं.

आमच्याकडे एक मुलगी यायची. गाण्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत कामाला. शिकत होती तेव्हा फाटक्या गाद्यांचा हेडफोन घेऊन आली आणि आमचीच होऊन गेली. भाऊजींच्या शेजारी बसून तिने कान तयार केला. मला काकू आणि त्यांना काका म्हणायची. नोकरी लागली तेव्हा भाऊजींनी तिच्यासाठी हौसेने नवीन गाद्या करवून घेतल्या, मला चारचारदा उसवायला लावून. त्यांच्या कामाविषयी तिची कधी तक्रार नव्हती, त्यामुळे ते उलटं घालायचं तिला सांगायची वेळच आली नव्हती.

ती एका दुपारी आली ती दारातच थबकली. रडून आलेली दिसत होती. मी पाणी दिलं. हळूहळू सांगितलं तिने. ती घरी हेडफोनवर गाण्यांचे डावे-उजवे आवाज जुळवायची आणि स्टुडिओत मोठ्या स्पीकरवर लावली की सगळं उजवीकडे लवंडलेलं निघायचं. एकदा झालं, पुन्हा झालं. गाणाऱ्यांच्या एका मोठ्या मंडळाचं काम परत आलं. मालकीणबाई चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत, पण म्हणाल्या की काही दिवस तू बाहेरच्या टेबलावर बस, फोन घे, लोकांच्या वेळा लाव. तिला हेडफोनवर सगळं डावीकडे मोठं ऐकू यायचं, म्हणून ती उजवी बाजू वाढवायची. म्हणजे माझा उजवा कान गेला, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"हेडफोन बघितलास का?" मी विचारलं.

"काकू, त्याला काकांचा हात लागलाय," ती म्हणाली. "त्यात काय बघायचं?"

डॉक्टरकडे जायची तिला भीती वाटत होती. काकांनी आधी सांगावं, मग जाईन म्हणाली. भाऊजींनी तिचा हेडफोन घेतला, डोक्यावर चढवला, ती एकटी गाणारी बाई लावली. मी मशीन थांबवून बघत होते. त्यांचा चेहरा आधी बरा होता, मग हळूहळू उतरला. हात वर गेले, हेडफोन धरला. आता हे उलटा घालणार, असं मला वाटलं. त्यांनी तो काढून ठेवला.

"हेडफोन बरोबर आहे," ते म्हणाले. "कानाला विश्रांती दे पोरी. बस थोडे दिवस टेबलावर."

ती मान हलवून गेली. जाताना चपला घालताना तिने उजव्या कानावर हात ठेवला होता, दुखऱ्या जागेवर ठेवतात तसा.

हेडफोन मात्र टेबलावरच राहिला होता. आता कशाला लागतोय, म्हणाली होती. मी उठले, मला यातलं काही कळत नसताना तो डोक्यावर चढवला. बाई डावीकडे गात होती. उलटा घातला. बाई उजवीकडे गेली. अगदी टुणकन. माझ्यासारख्या मशीनवालीला जे कळलं, ते या माणसाला कळलं नसेल? मी तो तसाच उलटा भाऊजींच्या डोक्यावर घातला. त्यांनी मला अडवलं नाही. डाव्या कानावर तळहात दाबून धरला, जणू तिथून काही आत ढकलता येईल.

त्यांना माहीत होतं, मग त्यांनीच सांगितलं. एकदा फोन डाव्या कानाला लावला होता आणि लाइन बंद आहे म्हणून ठेवून दिला होता, मग उजव्याला लावल्यावर पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता. तेव्हापासून माहीत होतं. स्वतः उलटा घालायचं तेव्हापासूनच सोडलं होतं. जे ऐकू येत नव्हतं ते गादी पातळ करून भरून काढत होते, आणि सगळ्या दुनियेच्या कानांवर आपला कान शिवून देत होते. शिवत मी होते, ते वेगळंच.

"वहिनी, दिसायला मी असा," ते म्हणाले. "शिक्षण बेताचं. कान गेला तर माझ्याकडे उरलं काय?"

एरवी मला त्यांची दया आली असती. त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं.

"तुमचा गेला म्हणून त्या पोरीचा काढून घेताय," मी म्हटलं.

त्या रात्री ते जेवले नाहीत. आमच्या ह्यांनी काय झालं म्हणून विचारलं, तर मी त्यांच्यावरच डाफरले. टेबलाशी भाऊजी असे बसले होते की त्यांच्याकडे बघून मलाच लाज वाटावी. ज्यांना ज्यांना ते हिडीसफिडीस करून घालवून देत होते, ती सगळी माणसं बहुतेक खोलीत रांग लावून उभी होती त्यांच्यापुढे. तो तोंड पाडून गेलेला भला माणूस तर माझ्याही डोळ्यांपुढून हलत नव्हता.

सकाळी ते कपडे करून तयार. हेडफोन पिशवीत घातला. मीही निघाले, कारण माझा विश्वास नव्हता, वाटेतून परत फिरले असते. खोटं कशाला सांगू, स्टुडिओच्या जिन्यात ते थांबलेच. कठडा धरून म्हणाले, तिला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं तर चालणार नाही का? मी म्हटलं, तिचं काम एकटीत गेलं का? मग चढले.

पोर बाहेरच्या टेबलावर फोनपाशी बसली होती. आम्हाला बघून घाईघाईने उठली. भाऊजींनी मालकीणबाईंना बोलवायला सांगितलं. त्या आल्या, मागून अजून दोघंतिघं आले. भाऊजींनी हेडफोन काढून पोरीच्या हातात दिला आणि तेच वाक्य म्हणाले जे एके काळी मजेत म्हणायचे. "उलटा घाल."

तिने घातला. बाई कुठे आहे, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, उजवीकडे. सरळ घाल म्हणाले. डावीकडे. मालकीणबाईंनी स्वतः घालून बघितला, उलटा आणि सरळ, आणि कपाळाला आठ्या घातल्या. भाऊजी त्यांच्याकडे बघून बोलले, पोरीकडे बघवत नव्हतं त्यांना.

"हिचे कान चांगले आहेत. माझा डावा गेलाय. मी माझ्या कानाला जुळतील अशा गाद्या केल्या, आणि काल ही विचारायला आली तेव्हा मला कळलेलं असून खोटं बोललो."

मालकीणबाईंनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला, आत चल म्हणाल्या, परत आलेलं काम आपण पुन्हा लावू. भाऊजींना त्यांनी वाईट शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं भाऊजींच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. धरणी दुभंगली असती तर त्यांनी उडी मारली असती, पण स्टुडिओची फरशी चांगली पक्की होती.

मी गाद्या हेडफोनवरून काढून पर्समध्ये टाकल्या, दोन्ही सारख्या जाडीच्या नव्या शिवून आणायला. भाऊजी जिन्याकडे वळले. पोर त्यांच्या मागून आली, त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "काका, कालच का नाही सांगितलंत?"

ते भिंतीकडे बघत राहिले. उत्तर टाळतायत असं वाटून मी तोंड उघडणार होते. पण तिला माझ्याआधी कळलं. ती त्यांच्या पाठीमागून वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि तेच पुन्हा विचारलं.

"लाज वाटली गं," ते म्हणाले.

"मलाही वाटत होती, काका," ती म्हणाली. "माझ्या कानाची."

हे त्यांना नीट ऐकू गेलं. उजवीकडून होतं ना.