निजलेल्याच्या पाठीखाली

दस्तगीर नदाफ यांचं गाद्यांचं दुकान लातुरात, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आहे. कापूस पिंजता पिंजता त्यांना दमा जडला, तेव्हा मशीन त्यांच्या लेकीनं, शाहिस्तानं हाती घेतलं. “पोरीच्या जातीनं कापूस पिंजायचा?” नातेवाईक म्हणाले. “कापसाला विचारा, त्याची काही हरकत हाय का,” दस्तगीरचाचांनी उत्तर दिलं.

गेल्या जूनमध्ये ईश्वरप्पांनी आपल्या वसतिगृहाच्या पहिल्या मजल्याच्या गाद्या तिला सांगितल्या. डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूरला आलेली मुलं तिथं राहतात. काम पसंत पडलं तर वरचे मजलेही तिलाच मिळणार होते. शाहिस्ताचं हे पहिलंच मोठं काम. शेवटी कापूस कमी पडला, मुलं तर यायला लागली होती. तिनं उरलेल्या गाद्यांच्या पोटात गिरणीतला टाकाऊ कापूस भरला, वरखाली चांगला लावला आणि टाके घालून गाद्या पोचवल्या.

मी उशी भरून घ्यायला गेले, तेव्हा त्यातलीच एक जास्तीची गादी दुकानात होती. चाचांनी सहज तिच्यावर तळवा दाबला आणि ते थांबले.

“बेटा, इसमें क्या भरी?”

“थोडाच हाय, अब्बा. मधोमध. कुणाला कळणार न्हाई.”

“मला कळलं की.”

“तुम्ही तर नदाफ, पिढीजात कापूस पिंजणारे!”

“आन् अल्लाह?”

तेवढ्यात अजान झाली. नमाज पढून आल्यावर त्यांनी तिला जवळ बसवलं. “निजलेलं माणूस अल्लाहच्या हवाली असतं. त्याच्या पाठीखाली खोटं ठेवू नको. गादीला खोळ घालता येते बेटा, नमाजाला उभं राहताना मनाला घालता येत न्हाई.”

“सांगितलं तर वरचं काम जाईल, अब्बा.”

“जाईल. रोजी देणारा ईश्वरप्पा न्हाई. जा, पण आवाज चढवू नको आन् रडू पण नको.”

“तुम्ही चला ना.”

“मी आलो तर माझ्या दाढीकडं बघून माफ करतील. माफी तुझी तू माग.”

ती माझ्याकडे वळली. “मावशी, तुम्ही येता?”

“माझेही केस पांढरेच आहेत,” मी म्हटलं.

चाचा हसले. “तुम्ही दारातच थांबा.”

ईश्वरप्पा चहा पीत बसले होते. शाहिस्तानं उभ्यानंच सगळं सांगितलं.

“कुणी तक्रार केली का?”

“मीच करायलेय, काका.”

“अगं, पोरं मजेत झोपायलीत!”

“म्हणूनच. निजलेल्याला काय कळतं? आजच भरून आणते, पैसे नकोत.”

त्यांनी कप खाली ठेवला. “ने. पण वरचं काम आता दुसऱ्याला देतो. नाराज होऊ नको, पोरी. एकदा शंका आली की येते.”

“तुमचा हक्क हाय,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. डोळे भरले होते, पण ते गाडीवाल्याला हाक मारायला बाहेर आल्यावर.

त्याच दिवशी तिनं त्या गाद्या उसवून, चांगला कापूस भरून परत पोचवल्या. वरचं काम खरंच दुसऱ्या दुकानाला गेलं.

शुक्रवारी मी बाजारातून येत होते. मशिदीच्या पायऱ्यांवर कुणीतरी चाचांना म्हणत होतं, “लेकीचं मोठं काम गेलं म्हणं.”

“हाव, गेलं. तिनंच घालवलं,” चाचा खोकत खोकत, छाती काढून सांगत होते. एकाला सांगून झालं की दुसऱ्याला हाक मारत होते.