दुसऱ्या अंकातली थप्पड

दुसऱ्या अंकात नवरा बायकोला थप्पड मारतो. बायको मी होते.

अकोल्यात मी शिकवायचे ती शाळा सुटली की एसटी पकडून मी अमरावतीला तालमीला जायचे. तालीम एका मंगल कार्यालयात. पडद्यामागे गाद्यांच्या चळती असायच्या, त्यांना टेकून आम्ही आपापल्या प्रवेशाची वाट बघायचो.

नवऱ्याचं काम करणारे गृहस्थ सरकारी कचेरीत होते. एरवी इतके मवाळ की मला ताई म्हणायचे, पण रंगमंचावर त्यांचा हात आवरत नसे. पहिल्याच तालमीत थप्पड खरी बसली, आवाज दणदणीत आला आणि दिग्दर्शक खूश झाले. मग रोज तेच. विंगेत उभी राहिले की मला संवाद आठवायचे नाहीत.

एक दिवस डाव्या कानात शिटी वाजायला लागली, ती थांबेना. डॉक्टर म्हणाले, कानाच्या पडद्याला सूज आहे, पुन्हा मार बसला तर फाटेल. नाटकात लागलं, असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

दिग्दर्शकांना सांगितलं, तर त्यांनी प्रयोग तोंडावर आल्याचं कारण दिलं. नवरा झालेले गृहस्थ मान खाली घालून म्हणाले, "ताई, मले खोटं मारताच येत नाही."

त्या संध्याकाळी तो प्रवेश आला. त्यांचा हात उठला आणि मी मनगट धरलं. ठरवून नाही, धरलं गेलं. ते पुढचं वाक्यच विसरले. समोरून दिग्दर्शकांनी विचारलं, काय झालं?

"मी मार खाणार नाही," मी म्हटलं. "जमत नसेल तर दुसरी बायको शोधा."

तेवढ्यात सासूचं काम करणाऱ्या बाई विंगेतून पुढे आल्या. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होत्या त्या.

"आवाजच पाहिजे ना तुमाले? मी टाळी वाजवतो इथून. तिचा कान कावून फोडून राहिले?"

दिग्दर्शक चिडून चहाला निघून गेले. आम्ही तिघं थांबलो. नवऱ्याने हात माझ्या चेहऱ्यासमोरून न्यायचा, मी मान फिरवायची, बाईंनी टाळी द्यायची. टाळी कधी आधी पडे, कधी मान फिरल्यावर. दिग्दर्शक परतले तेव्हा नुकतं कुठे जुळायला लागलं होतं. त्यांनी एकदा पाहिलं, पुन्हा करायला सांगितलं, आणि मधलं अंतर दिसू नये म्हणून दिवेवाल्याला उजेड जरा कमी करायला लावला.

त्याच कार्यालयात झालेल्या प्रयोगात विंगेतून टाळी पडली तशी पुढच्या रांगेतून एका बाईचं "आई गं" ऐकू आलं. नवऱ्याचा हात माझ्या गालापासून वीतभर लांब होता. प्रवेश संपल्यावर विंगेत गाद्यांवर हात टेकून ते म्हणाले, "ताई, जमलं मले खोटं मारणं."