रोज सकाळी रडवायचं

माझी भाची अडीच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आदल्या संध्याकाळी ती अंगणात कोंबडीमागं पळत होती आणि सकाळी उठवायला गेले तर पाय जमिनीला लावू देईना. ऊन चांगलं वर आलं तेव्हा भिंत धरून उभी राहिली, आणि दुपारी चालायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी न चालणारं लेकरू दुपारी चालतं म्हटल्यावर आमच्या घरच्यांनी एका दमात निदान केलं, की ही लाडावली आहे.

मी तिची आत्या. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले त्याला बरीच वर्षं झाली. धारूरच्या घाटाला लागून आमचं गाव आहे. मी घरात शिलाई मशीन चालवते आणि गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. धाकटा भाऊ आणि भावजय दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. दोघं मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कोणी घेत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं कोणीतरी शहाणपणानं विचारणारच की आईनं घरी का राहू नये.

लाड म्हणता म्हणता गुडघे सुजले, मग मनगटं. शेजारच्या एका बाईनं मायेपोटी गुडघ्यावर बिब्बा घातला. कातडी जळली, फोड आले, सूज होती तिथंच राहिली. त्या दिवशी मी भावाला नको नको ते बोलले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं रक्त काढलं, फोटो काढले, पुन्हा बोलावलं, पुन्हा रक्त काढलं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की संधिवात आहे.

भाऊ हसला. "आवो म्याडम, संधिवात आमच्या बापाला हाय. हिचे तर आजून दुधाचे दात हायेत."

बाई हसल्या नाहीत. लहान लेकरांनाही होतो म्हणाल्या, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी लिहून दिली.

खरं शिकवलं ते व्यायामाच्या बाईंनी. त्यांनी तिला पलंगावर उताणं झोपवलं आणि गुडघ्याखाली आपला पंजा घालून दाखवला. पाय सरळ असला तर तिथं हात जात नाही. हिच्या गुडघ्याखाली अख्खा पंजा गेला. बाई म्हणाल्या, दुखतं म्हणून लेकरू गुडघा वाकवून ठेवतं. वाकवला की बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणून तसाच ठेवला की तो तसाच होऊन बसतो. गुडघ्याखाली उशी द्यायची नाही, कडेवर घेऊन फिरायचं नाही, तिची कामं तिला करू द्यायची, आणि रोज सकाळी गरम पाण्यानं शेकून पाय सरळ करायचा. दुखणार, ती रडणार. तरी करायचा.

हे काम माझ्याकडं आलं, कारण घरात दगडाचं काळीज माझंच आहे असा सगळ्यांचा समज.

तो उन्हाळा आणि पावसाळा आम्ही दोघींनी कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. निरोगी लेकरू जे खेळता खेळता शिकतं, ते हिला एक एक करून शिकवावं लागलं. ज्वारीची भाकरी मोडणं हे काय काम आहे? पण सुजलेल्या बोटांना भाकरीचा कड तुटत नाही. घरचे तिच्या ताटात भाकरी कुस्करून द्यायचे. मी मधला मऊ भाग तिच्यापुढं ठेवायची आणि म्हणायची, मोड. तांब्या दोन्ही हातांनी उचल. संडासात दाराची कडी धरून बस, कडी धरूनच ऊठ. तिच्या चड्ड्यांच्या नाड्या काढून मी इलॅस्टिक घातलं. फ्रॉकची पाठीवरची हुकं काढून पुढं मोठी बटणं लावली. पहिलं बटण तिनं स्वतः लावलं तेव्हा माझा चहा पिऊन झाला होता, पण तिनं लावलं. पोळ्याच्या सुमाराला ती माझं बोट न धरता अंगणवाडीपर्यंत चालत जाऊ लागली. वाटेत बसायची, पण जायची. गुडघ्याखाली आता माझी दोन बोटंच कशीबशी जात होती.

आणि रोज सकाळी घरातून तिच्या रडण्याचा आवाज गल्लीभर जात होता. भावजय तेवढा वेळ मुद्दाम पाण्याला जायची. परत आली की लेकराला उचलून छातीशी धरायची आणि माझ्याकडं असं बघायची की मी तिचं काही चोरलंय.

"कावून रडवता वो अक्का तिला? दुखतंय तर राहू द्या की एक दिस."

"एक दिवस राहिलं की दुसरा दिवस राहतो. ठेव तिला खाली."

"तुमाला लेकरू न्हाई म्हणून..." एवढं बोलून ती थांबली. मी नाही थांबले. तोंडाला येईल ते सगळं बोलले. त्यानंतर आम्ही दोघी दोन दिवस बोललो नाही.

दिवाळी झाली आणि टोळी निघायची वेळ आली. लेकरू माझ्याकडं राहणार असं मी धरूनच चालले होते. पण निघायच्या दिवशी भावजयीनं लेकराचे कपडेही गाठोड्यात बांधले. मी भांडले, ओरडले, भावाला मध्ये घातलं. तो म्हणाला, "अक्का, माय ती तिची. तिला वाटतं तिच्यासंगं न्यावं, तर आपण कोन?" एवढा न्याय त्याला त्याच दिवशी सुचला. शेवटी मी गोळ्या पिशवीत भरल्या आणि भावजयीला सगळं पुन्हा सांगितलं. गोळीचा वार तिनं मला तीनदा म्हणून दाखवला.

फोनवर लेकरू हसायचं. "आत्या, मी झोका खेळते," म्हणायचं. मागं उसाचं पाचट, कोपीचं म्हणजे त्यांच्या झोपडीचं दार, टोळीतल्या बायकांचा कलकलाट. चेहरा गोल झाला होता. मी म्हणायची, तिचे पाय दाखव. भावजय म्हणायची, पाय हायेत की, लई खुशीत हाय ती. मग रेंज जायची.

गुढीपाडव्याच्या आसपास ते परत आले. ट्रॅक्टर वेशीत थांबला. भावजयीनं लेकराला माझ्याकडं वरून खाली दिलं. मी तिच्या काखेत हात घालून तिला जमिनीवर उभी करायला गेले तर तिचे पाय खाली आलेच नाहीत. दोन्ही गुडघे वाकलेले होते, तसेच राहिले. मी तिला तशीच अधांतरी धरून उभी होते.

आणि भावजय वरून अभिमानानं सांगत होती, "अक्का, बघा कशी झालीय. एक गोळी चुकवली न्हाई. रोज चुलीवर पानी तापवून न्हाऊ घातलं. आन् एकदा बी रडू दिलं न्हाई मी तिला."

सगळं खरं होतं. फडात ऊस तुटला की जमिनीत धारदार खुंटं राहतात, वर ट्रॅक्टरची ये-जा. तिथं दुखऱ्या पायाच्या लेकराला कुठं सोडणार? तिनं बांधाच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. तोडणारी प्रत्येक आई तेच करते. झोळीत लेकरू पडत नाही, त्याला साप चावत नाही, आणि गुडघे पोटाशी घेऊन मऊ मऊ पडून राहता येतं. या लेकराला तर ती फारच आवडली, कारण तिथं दुखत नव्हतं. बाकीच्या बायाही मायाळू. कोणी पाणी तोंडाला लावायचं, कोणी घास भरवायचं, कोणी कडेवर घेऊन झाडामागं न्यायचं. अख्ख्या टोळीनं तिचा पाय जमिनीला लागू दिला नाही. ऊस संपेपर्यंत ते लेकरू झोळीत सुखात होतं. कोणावर चिडावं हे मला आजही कळत नाही, आणि म्हणून मी सगळ्यांवरच चिडते.

अंबाजोगाईला व्यायामाच्या बाईंनी तिचा गुडघा दाबून पाहिला, पुन्हा दाबला. भावजयीनं त्यांनाही तेच सांगितलं, गोळीचं, गरम पाण्याचं, न रडवल्याचं. बाईंनी लेकराचा पाय हळूच खाली ठेवला. मग म्हणाल्या, थोडा उघडेल. पूर्ण उघडेल असं मी म्हणणार नाही. भावजयीला ते लगेच समजलं नाही. एसटीत घाट चढताना समजलं, आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

त्यानंतरचे महिने पाय सरळ करायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं. ती स्वतः रडत रडत लेकराचा पाय दाबायची आणि लेकराचा आवाज वाढला की सोडून द्यायची. मग मी जायची. रात्री पायाला पट्ट्या बांधायचो. उजवा थोडा उघडला. डावा नाही. ती आता चार पावलं टाकते, पुढं वाकून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, मग बसते. अंगणवाडीत मी तिला उचलून नेते. कडेवर घ्यायचं नाही हे मला पाठ आहे, तरी नेते, नाहीतर ती पोचणारच नाही.

यंदा दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा भावजयीनं लेकराचे कपडे बांधले नाहीत. मला एवढंच म्हणाली, "तुमच्यापाशी ठेवते अक्का. मला न्हाई जमत." मला हेच हवं होतं. आणि ते मिळालं तेव्हा मला तिच्या तोंडाकडं बघवेना.

आमच्या गावात टोळीचा ट्रॅक्टर सुटला की मागं राहणारी पोरं त्याच्यामागं वेशीच्या वळणापर्यंत पळतात. दर वर्षी पळतात. आयाही ट्रॉलीत मागं तोंड करूनच बसतात, पोरं दिसेपर्यंत दिसावीत म्हणून. यंदाही सगळी पोरं ओरडत पळाली. आमचीनं माझा हात सोडला. मांड्यांवर हात ठेवून ती चार पावलं गेली, पाचवं टाकलं, आणि धुळीत बसली. ट्रॉलीतून भावजय हात हलवत होती. ट्रॅक्टर वळणाकडं चालला होता.

लेकरू रडलं नाही. वर माझ्याकडं बघून घाईघाईनं म्हणालं, "आत्या, त्येंला सांग ना, हळू चालवा म्हणून."