भीमामामाची गिटार आन् दुसऱ्या बाजूचा टँकर

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कलेक्टर आला, एसपी आला, लाल दिव्याच्या गाड्या आल्या. एक पाणी तेवढं आलं न्हाई. कुणी न बोलावता एक समीक्षकही आले, वीरभद्र सर. जिल्ह्याला साप्ताहिक पाहिजे म्हणून त्यांनी साप्ताहिक काढलं, आन् साप्ताहिकाला मत पाहिजे म्हणून मतं द्यायला लागले.

आमच्या रेणापूरचे भीमामामा सोनकांबळे म्हणजे नांदेडच्या ऑर्केस्ट्रातले गिटारवाले. उभी हयात गाणाऱ्याच्या पाठीमागं बसण्यात गेली. टाळ्या गाणाऱ्याला, मामा आपले तारा पुसत बसायचे. म्हातारपणी त्यांनी मनावर घेतलं, नुसत्या गिटारीची एक कॅसेट काढायची. "एकदा तरी कुणी माझं वाजवणं ऐकावं," म्हणायचे. एवढीच हौस! त्यात वाईट काय हो?

घरातच टेपरेकॉर्डर लावून वाजवलं. दुसऱ्या बाजूला ऐन रंगात आले आन् गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. दुष्काळात हॉर्न ऐकून बसून राहणारा माणूस रेणापुरात जन्मला न्हाई. मामा गिटार ठेवून घागर घेऊन पळाले. टेप बंद करायचा राहिला. बाहेर पंचशीलामामीची समोरच्या म्हाताऱ्या केवळाबाईशी नंबरावरून जुंपलेली, खिडकी सताड उघडी. सगळं टेपात गेलं. कॅसेटच्या दुकानदारानं न ऐकताच त्याच्या कॅसेटी काढल्या. मामांनीही ऐकली न्हाई. स्वतःचं ऐकायची लाज वाटायची म्हणे!

वीरभद्र सरांनी लिहिलं, "गिटार जुन्या वळणाची, सामान्य. पण घागरींच्या आवाजात कलावंताने अख्खा दुष्काळ उभा केला आहे. धाडसी प्रयोग!" झालं! कॅसेट लई खपली. हॉटेलात, पानटपरीवर लोक गिटार पुढं सरकवून थेट भांडण लावायचे. लातुरात सत्कार ठरला. संयोजक म्हणाले, "मामा, येताना घागरी आणा. गिटार राहू द्या." माझ्या तर अंगाची लाहीलाही झाली. मामा हसले, पण घरी येऊन जेवले न्हाईत.

एका दुपारी केवळाबाई तणतणत आली. "माझ्या शिव्या साऱ्या जिल्ह्याला ऐकवाय लागलास व्हय रं भीमा? काय काय हाय त्यात, लाव!"

बाई सगळंच ऐकीन म्हणून अडून बसली, तवा मामांनी पहिल्यापासून लावली. आधी कमरेवर हात ठेवून उभी होती, मग उंबऱ्यावर टेकली. शिव्या सुरू झाल्या तशी म्हणाली, "हे ऱ्हाऊ दे. त्यात खोटं काय न्हाई. पर त्याच्या आधी चाललं होतं, ते असं मधीच का तोडलंस? पुढं काय होतं?"

मामांनी गिटार मांडीवर घेतली. जरा कुठं सूर लागला, तोच गल्लीत हॉर्न! केवळाबाईनं कोपऱ्यातली मामीचीच घागर उचलली आन् दारातून वळून दम दिला, "तिथंच धरून ठीव. पाणी घेऊन आले की तिथूनच वाजव."

टँकर आला, गेला. मामा तारेवर बोट ठेवून बसून राहिले.