आपणहून धुतलेला कप

"आता बसलीच हायस तर हे बी घे गं धुवून, सोन्यासारखं लेकरू," काकू म्हणाल्या आन् सगळ्या मास्तरलोकांचे उष्टे कप माझ्या लेकीपुढं ठेवले. लेक आठ वर्षांची. हौदाजवळ उकिडवी बसलेलीच व्हती, फ्रॉक गुडघ्यात खोवला आन् लागली की धुवायला. खुश व्हती. तिला वाटलं आपलं कवतिक चाललंय.

कवतिकच व्हतं ते. त्याचीच तर आग झाली.

बराबर पहिल्यापासून सांगते. मी वसमत तालुक्यात एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत बाई आहे. हुरड्याचे दिवस व्हते. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं आम्हा सगळ्यांना रविवारी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी बोलावलं. दरसालचा रिवाज हाय त्यांचा. लेकीला सुट्टी, तिला बी नेलं. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली, संग दही, चटणी, गूळ. सगळे एकाच सतरंजीवर बसलो. मला कुणी बाजूला बसवलं न्हाई, कुणी जात इचारली न्हाई. खोटं कशाला बोलू?

मग चहा आला. सगळ्यांनी पिला, कप जिथल्या तिथं ठेवले आन् गप्पा मारत बसले. मी उठले. हौदावर गेले, माझा कप धुतला, पालथा घातला. माझ्यामागं लेक आली. तिनं बी तिचा धुतला आन् माझ्या कपाशेजारी पालथा घातला.

काकू म्हणजे त्या घरच्या मालकीणबाई. त्यांनी बघितलं आन् आमच्या हेडमास्तरला म्हणाल्या, "बघा सर, आमी कुणाला म्हणत न्हाई बरं. आता ते दिवस ऱ्हायले का? पर हे लोक आपणहूनच करतेत. रक्तातच असतंय. खाण तशी माती."

हेडमास्तर हसले. "स्वभाव असतो एकेकाचा," म्हणाले. आन् मग ते बाकीचे कप लेकीपुढं आले.

मी तिथंच उभी. लाज वाटली. काकूंची न्हाई, माझी. कारण काकू खरं बोलत व्हत्या. मला कुणी ऊठ म्हणलं नव्हतं, मीच उठले व्हते. शाळेत स्टाफरूममधी बी माझा कप मीच धुते, बाकीच्यांचे शिपाईमामा धुतात. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं न्हाई. जयंतीला विहारापुढं स्टेजवर उभी राहून तासभर बोलते, टाळ्या घेते. आन् खाली उतरले की हात हा असा. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

मग मला माझी आई आठवली.

हळद काढणीच्या दिवसात ती दुसऱ्याच्या आखाड्यावर कामाला जायची, मी संग जायची. तिथं आमचे दोन कप गोठ्याच्या वळचणीला ठेवलेले असायचे. चहा पिला की धुवायचे आन् पालथे घालून परत तिथंच ठेवायचे. एकदा मी वासराशी खेळत बसले आन् माझा कप उष्टाच ओट्यावर राहिला. तिथल्या मालकिणीनं नुसतं कपाकडं बघितलं, मग आईकडं बघितलं. आई आली आन् सगळ्यांपुढं माझ्या थोबाडीत दिली. गालावर हळदीची बोटं उठली. मग तो कप तिनं राखेनं घासला, धुतला, पुन्हा घासला. घरी जाताना मला कडेवर घेऊन रडत व्हती. "उद्या येऊ नको म्हणले तर काय खावं आपण?" म्हणाली.

त्यानंतर मला कधी सांगावं लागलं न्हाई. आईचा राग येत न्हाई मला. तिला बी असंच कुणीतरी शिकवलं असंल.

डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात प्रश्न आला व्हता, माणूस अनुवंशानं घडतो की परिस्थितीनं? मी पानंच्या पानं लिहिली. मार्क बी चांगले पडले. पण त्यात ही थोबाडीत कुठं लिहिली नव्हती. आन् माझ्या लेकीला तर मी कधी बोट लावलं न्हाई. ती नुसती माझ्याकडं बघून शिकली. तिला मारायची बी गरज पडली न्हाई, हे लई लागलं.

"ऊठ," मी तिला म्हणलं.

"मम्मी, थोडेच राहिलेत."

"ठेव ते. ऊठ."

"मग तू काहून धुतला?"

सगळे ऐकून राहिले व्हते. तोंड कुठं लपवावं ते कळंना.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, एवढं काय मनाला लावून घेता?"

काकूंचं तोंड उतरलं. "आमी काय जबरदस्ती केली का?"

"न्हाई केली," मी म्हणलं. "ती आधीच करून ठेवलीय, काकू. म्हणून तुम्हाला करावी लागत न्हाई."

किटलीत गारढोण चहा उरला व्हता. माझा धुतलेला कप उचलला, त्यात ओतला आन् उभ्यानं पिला. लेकीला बी दोन घोट दिले. मग तो उष्टा कप सतरंजीवर ठेवला, बाकीच्यांनी आपले ठेवले व्हते तिथं. हात नुसता हौदाकडं ओढत व्हता.

स्कूटीवर घरी येताना लेकीला सगळं सांगितलं. गोठा, वासरू, थोबाडीत, सगळं.

"आजी वाईट व्हती का?" तिनं इचारलं.

"न्हाई. भ्याली व्हती."

सोमवारी स्टाफरूममधी चहा झाला. मी कप टेबलावर सोडला आन् वर्गावर निघाले. दारातून एकदा वळून बघितलं. शिपाईमामांनी तो उचलला, त्याचं बी वाईट वाटलं. त्यांनी तरी काहून धुवावा? पण मी मागं फिरले न्हाई.

जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई म्हणतात. न्हाई गेली तर न्हाई. माझा हात मरेपर्यंत ओढत राहील, मी त्याला लेकीपुढं आवरून धरीन. हेडमास्तरला तोंडावर सांगितलंय, शाळेत सगळे आपापला कप धुतील, तुमी बी धुवाल, त्या दिवशी मी माझा धुईन. त्याच्याआधी न्हाई.