नानांच्या नाकाचं माप

मृत्यूपुढे सगळी माणसं समान असतात, असं पिंप्राळ्यातल्या शोकसभेत अध्यक्षांनी तीनदा सांगितलं. असतील. नाकपुड्या मात्र समान नसतात, आणि आमच्या नानांना शेवटी त्याचाच जाच झाला.

नाना म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. नशिराबादपासून शिंदखेड्यापर्यंत शेतांत ठिबकच्या नळ्या अंथरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. या थंडीत फुप्फुसांत संसर्ग झाला आणि जळगावच्या एका दवाखान्यात त्यांना नाकातून जोराने ऑक्सिजन देणारं यंत्र लावलं. यंत्र शोकसभेच्या अध्यक्षांच्याच मंडळाने दान दिलेलं. दात्यांच्या नावांची पाटी एवढी मोठी, की यंत्रावरचे आकडे वाचायला मान वाकडी करावी लागे. नाकात बसवायच्या नळ्या मात्र एकाच मापाच्या, मोठ्या. नानांचं नाक बारीक. नळ्यांची टोकं बुचासारखी घट्ट बसली. हवा आत जाई, बाहेर पडायला फट नव्हती. प्रत्येक श्वास ते पोट आवळून बाहेर ढकलत. डॉक्टरांनी हवेचा जोर वाढवला. त्रासही वाढला.

"मास्तर," नाना मला म्हणाले, "येवाले वाट शे... जावाले नही. याले सांग."

मी सांगितलं. तरुण डॉक्टर म्हणाले, "काका, मशीन इम्पोर्टेड आहे."

"मशीन ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "नाक आठलंच शे, जळगावनं."

डॉक्टर हसले आणि, त्यांच्या बाजूने हे सांगायलाच हवं, वाकून नीट बघितलं. नळीने साधारण निम्मी नाकपुडी मोकळी ठेवायची असते, हे त्यांना ठाऊक होतं. लहान नळीच दवाखान्यात नव्हती. जळगावच्या दुकानांतही मिळाली नाही. मी धुळ्याला जाऊन दोन आणल्या. एक लावली आणि अर्ध्या तासात मिनिटाला छत्तीस श्वासांचे चोवीस झाले. पोट सैल पडलं. नानांनी विचारलं, "भरीत शे का?"

"श्वास आता कुठे येतोय," अक्का म्हणाली, "अन् यांना भरीत पाहिजे."

पुढचे नऊ दिवस ते बोलले, जेवले, अक्काशी भांडलेसुद्धा... मग एका दुपारी हृदय थांबलं.

न उघडलेली दुसरी नळी मी वॉर्डात द्यायला गेलो. सिस्टर म्हणाल्या, "दान मंडळातर्फेच येऊ द्या, सर." मी मंडळाला अर्ज केला, माप ठळक लिहून. गेल्या आठवड्यात नानांच्या स्मरणार्थ वॉर्डाला नळ्यांचा अख्खा खोका मिळाला, हार घालून, फोटो काढून. सगळ्या मोठ्या मापाच्या.